ट्रंक कॉलवरची ढेप

२२ जुलै १९५९. अहमदाबादच्या एका पेढीने खामगावला ट्रंक कॉल लावला. ढेप हवी होती. खामगावच्या गिरणीवाल्यांनी फोनवरच होकार दिला. पुढे ढेप ठरल्याप्रमाणे आली नाही असं म्हणत पेढीने ३१,१५० रुपयांचा दावा अहमदाबादच्या दिवाणी न्यायालयात लावला, आणि गाडं पहिल्याच पायरीवर अडलं. गिरणीवाले म्हणाले, खटला चालवायचाच तर खामगावला चालवा. सौदा इथे झाला. पेढी म्हणाली, सौदा अहमदाबादेत झाला. दोघेही एकाच फोनबद्दल बोलत होते. ‘हो’ हा शब्द खामगावात एका तोंडातून निघाला आणि अहमदाबादेत एका कानात शिरला. मग तो सौदा झाला कुठे?

हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑगस्ट १९६५ मध्ये निकाल लागला, तोवर ज्या गाईम्हशींच्या पुढ्यात ती ढेप यायची होती त्या म्हाताऱ्या झाल्या असतील. आणि निकाल तरी कशाचा? भरपाई द्यायची की नाही याचा नव्हे. खटला कोणत्या गावात चालवायचा, एवढ्याचाच.

भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल हा खटला मी वाचला तो पुण्यात, लॉ कॉलेजच्या मागच्या बाकावर बसून, वयाच्या ४२व्या वर्षी. वर्गातली बहुतेक मुलं माझ्या निम्म्या वयाची. निकालपत्रात ‘कॉटन सीड केक’ असा शब्द आला तेव्हा शेजारच्या मुलीने हळूच विचारलं, “काकू, सरकीचा केक पण असतो?” मला हसू आवरेना. खामगाव माझं आजोळ. हा ‘केक’ मी लहानपणी घमेल्यात भिजवलेला आहे. त्याचा तो कडवट-तेलकट वास नाकात भरून राहतो, हाताला दोन दिवस लागून असतो. सर्वोच्च न्यायालयाचे तीन न्यायमूर्ती आमच्या गोठ्यातल्या ढेपेवर पानंच्या पानं लिहितात, हे पाहून मी त्या दिवशी अभ्यासाच्या प्रेमात पडले. तोवर कायदा म्हणजे पाठ करायची कलमं, एवढंच वाटत होतं.

‘काँट्रॅक्ट शिकतेय’ असं नातेवाइकांना सांगितलं की हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे कंत्राट म्हटलं की डांबर, खडी आणि निविदा. एका दिरांनी तर मला गंभीरपणे विचारलं, की आता तुम्ही जिल्हा परिषदेची कामं घेणार का. कायद्याची मराठी परिभाषा इथे फार काटेकोर आहे. आपण बोलताना ज्याला सरसकट ‘करार’ म्हणतो त्याचे तिथे दोन कप्पे आहेत. दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द तो ‘करार’. आणि जो करार कोर्टात जाऊन वसूल करता येतो, ती ‘संविदा’. प्रत्येक संविदा हा करार असतो, पण प्रत्येक करार संविदा होत नाही. पहिल्या वर्षाचा सगळा अभ्यास या दोन शब्दांमधल्या फटीत आहे. बोललेला शब्द कोणत्या क्षणी, कशामुळे, कुणाला बांधतो? ‘बोलाचीच कढी, बोलाचाच भात’ कुठे संपतो आणि खरा स्वयंपाक कुठे सुरू होतो?

हे ठरवणारा संविदा कायदा १८७२चा आहे. १ सप्टेंबर १८७२ला तो लागू झाला. मुळात त्यात २६६ कलमं होती. माल विक्रीची कलमं १९३०मध्ये आणि भागीदारीची १९३२मध्ये वेगळी घरं करून निघून गेली, मूळ घर मात्र तसंच उभं आहे. तो कायदेमंडळातून पार पाडणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांचे सख्खे चुलते. याचा परीक्षेत काही उपयोग नाही, पण बेअर अ‍ॅक्ट वाचताना मला ते सारखं आठवतं. कारण या कायद्यात गोष्टी आहेत. कलम संपलं की खाली ‘इलस्ट्रेशन्स’ येतात, आणि त्यांत दोन पात्रं नांदतात: ‘ए’ आणि ‘बी’.

‘ए’चं आयुष्य भयंकर धावपळीचं आहे. तो सतत घोडे विकतो. घर विकायला काढतो. हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना देऊन टाकतो, आणि कायदा म्हणतो, स्वखुशीने दिला असेल तर सौदा पक्का. मूर्खपणापासून वाचवणं हे आमचं काम नाही. ‘ए’ नाटकात काम करायचं कबूल करून आजारी पडतो. त्याला ‘बी’चं पाकीट सापडतं, ते तो परत देतो, आणि ‘बी’ भारावून जाऊन पन्नास रुपये देण्याचं कबूल करतो. इंग्लंडहून मुंबईला निघालेल्या जहाजातला माल ‘ए’ विकतो. दोघांनाही पत्ता नसतो, की सौद्याच्या आधीच ते जहाज वादळात सापडून गेलेलं आहे. दोघे मिळून अस्तित्वात नसलेल्या मालाची घासाघीस करत बसले होते. कायदा म्हणतो, सौदा शून्य, कुणी कुणाचं देणं लागत नाही. मुंबई बंदराकडे डोळे लावून बसलेले त्या काळचे दलाल-व्यापारी या एका वाक्यात दिसतात.

सगळ्यांत मजा ३६व्या कलमाखाली आहे. ‘ए’ कबूल करतो, की दोन सरळ रेषांनी जागा बंदिस्त झाली तर मी ‘बी’ला हजार रुपये देईन. करार शून्य. भूमिती आठवून पाहा: दोन सरळ रेषांनी जागा कोंडता येत नाही, निदान तिसरी लागतेच. हजार रुपयांचा प्रश्न सोडवायला कायद्याने युक्लिडला साक्षीला बोलावलं! आणि ५६व्या कलमाखालचं पहिलंच उदाहरण असं, की ‘ए’ जादूने गुप्तधन शोधून देण्याचं ‘बी’ला कबूल करतो. हाही करार शून्य, कारण अशक्य गोष्ट करण्याचं वचन बांधत नाही. गुप्तधनाच्या नादी लावून लुबाडणाऱ्या बाबांच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत आजही येतात, आणि महाराष्ट्राला २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. १८७२चा हा कायदा भोंदूला तुरुंगात टाकत नाही. तो फक्त थंडपणे सांगतो, की याला मी सौदा मानतच नाही.

आता पत्राकडे येते. कारण ढेपेच्या भांडणाची मुळं पत्रात आहेत.

पुण्यातल्या ‘ए’ने नागपूरच्या ‘बी’ला पत्र टाकलं: माझं घर अमुक किमतीला घेतोस का? ‘बी’ने ‘घेतो’ असं उत्तर लिहून पेटीत टाकलं. पत्र आता गाडीत आहे, ‘ए’ला काहीच माहीत नाही. या क्षणी कोण बांधला गेलाय? चौथं कलम उत्तर देतं, आणि ते पहिल्यांदा वाचताना मी पान परत उलटून पाहिलं. प्रस्ताव मांडणारा ‘ए’ त्याच क्षणी बांधला जातो, ज्या क्षणी ‘बी’चं पत्र पेटीत पडून ‘बी’च्या हाताबाहेर जातं. ‘बी’ मात्र तेव्हा बांधला जातो, जेव्हा ‘ए’ला ते पत्र कळतं. म्हणजे पत्र रेल्वेत असताना अर्धा सौदा झालेला असतो. ‘ए’ला मागे फिरता येत नाही, ‘बी’ला येतं. पाचवं कलम ते स्पष्टच सांगतं: ‘बी’चं पत्र ‘ए’च्या हाती पडण्याआधी किंवा पडता-पडता ‘बी’ची तार येऊन थडकली, की ‘नको, मला घर नको’, तर ‘बी’ मोकळा. भारतीय कायद्यातली ही खास भानगड आहे. इंग्लंडात पत्र पेटीत पडलं की दोघेही अडकतात.

विचार करा. एखाद्या मेलगाडीच्या टपालडब्यात रात्रभर अशी शेकडो पत्रं खडखडत जात असतील, आणि प्रत्येकात एक माणूस बांधलेला, दुसरा सुटा. स्टेशनागणिक ती गाठ थोडी थोडी आवळत जाते. ज्याला आपण ‘सौदा झाला’ असं एका झटक्यात म्हणतो, त्याला कायदा दोन क्षणांत चिरतो, आणि त्या दोन क्षणांच्या मधल्या अंतराचेही नियम करतो. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरच्या हाताची सफाई आहे ही, फक्त टेबलावर शब्द ठेवलेला आहे. ज्या तारेवर ‘बी’ची सुटका अवलंबून होती ती सेवा आपल्याकडे जुलै २०१३मध्ये बंद झाली, कायद्याच्या पानावर मात्र ‘बी’ अजून तार करतोच आहे.

फोन या कायद्याला माहीतच नाही. बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६मध्ये, कायदा झाला त्याच्या चार वर्षांनंतर. त्यामुळे १९६५मध्ये न्यायमूर्तींपुढे पेच होता: फोन हे वेगाने धावणारं पत्र समजायचं, की समोरासमोरचं बोलणं समजायचं? पत्र समजलं, तर खामगावात शब्द तोंडाबाहेर पडला तेव्हाच अहमदाबादवाला बांधला गेला, सौदा खामगावचा. समोरासमोरचं बोलणं समजलं, तर ऐकू येईपर्यंत काही खरं नाही. समोर बसलेल्या माणसाला ‘हो’ म्हटलं आणि त्याच क्षणी वरून विमान घरघरत गेलं, तर त्याने ऐकलेलंच नाही. पुन्हा म्हणावं लागेल. इंग्लंडात लॉर्ड डेनिंग यांनी १९५५मध्ये टेलेक्सच्या एका खटल्यात असाच विचार मांडला होता.

न्यायमूर्ती शाह आणि वांच्छू यांनी हाच, समोरासमोरच्या बोलण्याचा मार्ग धरला. टपाल-तारेचा नियम हा व्यवहाराच्या सोयीसाठी केलेला अपवाद. फोनवर दोघे एकमेकांना ऐकतात, तेव्हा होकार जिथे ऐकला गेला तिथे सौदा झाला. खटला अहमदाबादला. तिसरे न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांना हे पटलं नाही. कलमाचे शब्द बघा, असं त्यांचं म्हणणं: होकार आपल्या ताब्यातून निघून समोरच्याकडे जायला लागला की समोरचा बांधला जातो. फोनवर बोललेला शब्द परत घेता येतो का? मग तो खामगावात उच्चारला गेला तेव्हाच काम झालं. कायदा लिहिणाऱ्यांना फोन ठाऊक नव्हता हे खरं, पण त्यांनी लिहिलेले शब्द फोनलाही लागू पडतात; मग न्यायालयाने ते बदलायचे कशाला?

हिदायतुल्ला नागपूरला वकिली करून पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले होते. वऱ्हाड-नागपूरची माती ओळखणाऱ्या माणसाने एकट्याने खामगावच्या बाजूने मत द्यावं, यात मला उगाचच जिव्हाळा वाटतो. (तसं काही कारण निकालात नाही, हे माझं आजोळ बोलतंय.) मॅडमनी वर्गात हात वर करायला सांगितले तेव्हा बहुसंख्य हात अहमदाबादच्या बाजूने गेले. ट्रंक कॉलवर ओरडून ओरडून घसा बसलेली पिढी त्यांनी पाहिलेली नाही. ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ हे वाक्य किती भारी असतं, हे त्यांना कुठून कळणार? तरी गंमत अशी, की हेच वाक्य खरं तर अहमदाबादच्या बाजूचा पुरावा आहे. मी तरीही खामगावलाच हात वर केला.

शब्दाचं इतकं झालं. मग न बोललेल्या शब्दाचं काय?

१७वं कलम फसवणुकीचं. त्यात म्हटलंय, नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नव्हे. पण बोलणं हे कर्तव्य असेल, किंवा गप्प बसणं हेच बोलण्यासारखं असेल, तर ती फसवणूक. खाली अर्थातच ‘ए’चा घोडा येतो. ‘ए’ लिलावात ‘बी’ला घोडा विकतो, घोड्यात खोड आहे हे त्याला माहीत आहे, तो काहीच बोलत नाही. फसवणूक नाही. पण ‘बी’ ही ‘ए’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर बापाने सांगायलाच हवं. (लेकीला लिलावात घोडा विकणारा हा कसला बाप, हा प्रश्न कायदा विचारत नाही.) आणि ‘बी’ने म्हटलं, ‘तू नाकारलं नाहीस तर मी घोडा धड आहे असं समजेन’, आणि ‘ए’ गप्प राहिला, तर त्याचं ते मौन म्हणजे उच्चारलेला शब्दच.

हे वाचलं आणि मला मामांबरोबर पाहिलेला बैलबाजार आठवला. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात दुपट्ट्याखाली धरायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. भोवती पन्नास माणसं, कुणालाच आकडा कळत नसे. एवढ्या मोठ्या रकमेचा सौदा एकही शब्द न उच्चारता व्हायचा, आणि तिसऱ्या कलमाला तो पूर्ण चालतो, कारण ते म्हणतं, ज्या कृतीतून मनातलं समोरच्याला कळवायचं असतं किंवा कळतं ती कृतीच पुरे. पण मामा हात देण्याआधी एक काम करत. विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हणत, “काही खोड असेल तर आत्ताच बोला. नाही बोललात तर मी बैल निर्मळ समजून नेतो.” मग बराच वेळ थांबत. मी लहान होते, ते काय थांबताहेत हे कळायचं नाही. मामा सातवी शिकलेले. १७व्या कलमाचं तिसरं उदाहरण त्यांनी वाचलेलं असणं शक्य नाही. आता मला वाटतं, स्टीफनसाहेबांच्या टेबलावर ते बहुधा असल्याच कुठल्यातरी बाजारातून चालत आलं असावं. घोडे काय, बैल काय.

बाजारातून घरात यावं तर तिथे वेगळाच कारभार. १९१९चा इंग्लंडचा बाल्फोर खटला प्रत्येक पहिल्या वर्षाच्या मुलाला तोंडपाठ असतो. नवरा सिलोनमध्ये पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, बायको आजारपणामुळे इंग्लंडात. दर महिना तीस पौंड पाठवीन असं त्याने कबूल केलं. पुढे संसार मोडला, पैसे थांबले, बायको कोर्टात गेली आणि हरली. न्यायालय म्हणालं, नवरा-बायको एकमेकांना देतात तो शब्द कोर्टात नेण्यासाठी दिलेला नसतो. वर्गातल्या मुली चिडल्या. चिडायला हवंच.

आपल्या कायद्यात मात्र २५वं कलम आहे, आणि त्यात ‘प्रेम’ हा शब्द आहे. खरोखर. एरवी मोबदल्याशिवाय दिलेलं वचन कोर्टात टिकत नाही. पण जवळच्या नात्यात, स्वाभाविक प्रेम आणि मायेपोटी, लिहून आणि नोंदणी करून दिलेलं वचन टिकतं. म्हणजे न्यायाधीशाला प्रेम आहे की नाही हे ठरवावं लागतं! १९००मध्ये कलकत्त्याच्या राजलखी देवींचा खटला आला. नवऱ्याने नोंदणीकृत कागद करून दिला होता: तिला वेगळं राहायला घर आणि खर्चाला पैसे. कागदातच त्यांच्या सततच्या भांडणांचा उल्लेख होता. न्यायालयाने तो कागद वाचला, त्यात प्रेमाचा मागमूस दिसला नाही, आणि राजलखी देवी हरल्या. कागद इतका खरा लिहिला, हीच त्यांची चूक.

त्याच्या एकच वर्ष आधी मुंबई उच्च न्यायालयात दोन मराठी भाऊ आले होते: भिवा आणि शिवराम, दोघेही बिन महादशेट. भिवाने जमिनीच्या वाट्यासाठी शिवरामावर दावा केला. शिवरामाने शपथ घेऊन सांगितलं, की जमीन वडिलोपार्जित नाही. दावा फेटाळला गेला, शिवराम जिंकला. आणि मग काही दिवसांतच तो भावाला घेऊन नोंदणी कार्यालयात गेला आणि अर्धी जमीन भिवाला देईन असा कागद नोंदवून दिला! पुढे पुन्हा बिनसलं, प्रकरण कोर्टात आलं. न्यायालय म्हणालं, २५वं कलम नेमकं अशासाठीच आहे. भावाशी दिलजमाई व्हावी म्हणून जिंकलेली जमीन देऊ करणाऱ्याच्या मनात माया नव्हती असं कसं म्हणावं?

कलकत्त्याचं भांडण प्रेम नसल्याचा पुरावा ठरलं, मुंबईचं भांडण प्रेमाचा. पुस्तकांत हे दोन खटले शेजारी-शेजारी छापतात. मी त्यांच्यामधल्या कोऱ्या जागेत पेन्सिलने खूप काही लिहून ठेवलंय. पण मला जास्त छळतो तो शिवराम. शपथेवर जिंकल्यानंतर त्या मधल्या दिवसांत त्याच्या घरात काय झालं असेल? बायको बोलली असेल? आई जेवली नसेल? निकालपत्र तिथे गप्प आहे.

असा एखादा खटला सोडला, तर कायदा भावनेकडे पाहतच नाही, आणि याचा सगळ्यांत कडू घोट म्हणजे लालमन शुक्ल. कानपूरचा हा मुनीम. १९१३मध्ये मालकाचा पुतण्या घरातून पळाला. मालकाने नोकरांना चहूकडे धाडलं, लालमनला भाडं देऊन हरिद्वारला. तो निघून गेल्यावर मालकाने पत्रकं काढली, मुलगा शोधून देणाऱ्याला ५०१ रुपये. लालमनने मुलगा ऋषिकेशला शोधला. घरी आणला. सहा महिन्यांनी त्याला नोकरीवरून काढलं, तेव्हा त्याने बक्षीस मागितलं. अलाहाबाद उच्च न्यायालय म्हणालं, नाही. शोधलंस तेव्हा बक्षिसाचं तुला माहीतच नव्हतं. जो प्रस्ताव ठाऊक नाही तो स्वीकारणार कसा? शिवाय शोधायला जाणं हे तुझं नोकरीतलं कामच होतं.

तर्काला कुठेही भोक नाही. याच तर्कावर लंडनच्या लुइझा कार्लिल १८९२मध्ये जिंकल्या होत्या: फ्लूपासून वाचवणाऱ्या ‘स्मोक बॉल’च्या जाहिरातीत कंपनीने शंभर पौंडांचं बक्षीस लावलं होतं आणि दाखवण्यासाठी हजार पौंड बँकेत ठेवले होते; बाईंनी जाहिरात वाचली, तो धुराचा गोळा दिवसातून तीनदा हुंगला, तरी फ्लू झाला, आणि शंभर पौंड मिळाले. त्यांनी वाचलं होतं, लालमनने वाचलं नव्हतं. एवढाच फरक. तरीही लालमनचा निकाल वाचून वर्गात जी शांतता पसरली ती मला आवडली. अठरा-वीस वर्षांची मुलं पहिल्यांदा अनुभवत होती, की एखादी गोष्ट बरोबरही असू शकते आणि बरी नसूही शकते. वयाने मोठी असून मलाही काही ते पचलं नाही.

सत्राच्या शेवटी मॅडम आजच्या काळात आल्या. ई-मेलवरचा होकार, मोबाइलच्या पडद्यावर ‘आय अ‍ॅग्री’ला टेकवलेलं बोट. माहिती तंत्रज्ञान कायद्यात नंतर घातलेलं १०अ कलम सांगतं, की सौदा इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणावरून तो नाकारता येणार नाही. ‘एकाच गोष्टीला, एकाच अर्थाने’ दोघांची संमती हवी, असं १३वं कलम म्हणतं. ते पडद्यावरचं चाळीस पानी लिखाण वर्गातल्या किती जणांनी कधी वाचलं, हे मॅडमनी विचारलं. एकही हात नाही. त्यावर एक मुलगा म्हणाला, “मॅडम, मग आम्ही रोज कशाला हो म्हणतोय?” मॅडम म्हणाल्या, “परीक्षेत लिहा.”

मग मी हात वर केला. माझा प्रश्न मामांचा होता. मामांचं वय झालं, बैल गेले, आता ते पेरणीला भाड्याने ट्रॅक्टर बोलावतात. गावातला ट्रॅक्टरवाला आदल्या रात्री फोन करून एकराचा भाव सांगतो आणि म्हणतो, “जमत असेल तर पहाटे मिस्ड कॉल द्या, नाही तर मी दुसऱ्याच्या वावरात जातो.” मामा पहाटे उठून रिंग देतात आणि कापतात. कुणी काही बोललेलं नाही, लिहिलेलं नाही, पैसाही पडलेला नाही. हा होकार आहे का?

तिसऱ्या कलमाने आहे, मॅडम म्हणाल्या, कृतीतून कळलं. मग सौदा कुठे झाला? खामगाव-अहमदाबादच्या न्यायाने, जिथे रिंग ऐकू आली तिथे. वर्ग खूश झाला. मग मागून कुणीतरी म्हणालं, पण फोन सायलेंटवर असेल तर? फोन खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात वाजला आणि माणूस विहिरीवर अंघोळ करत असेल तर? त्याने दहा वाजता पाहिला तर सौदा पहाटेचा की दहाचा? हिदायतुल्लांच्या मताने पाहिलं तर? मॅडमनी खडू खाली ठेवला, खिडकीबाहेर पाहिलं आणि मला विचारलं, “तुमच्या मामांकडे नक्की कसं होतं हे? त्याला रिंग ऐकू आली की नाही, हे त्यांना कळतं कसं?”

मला माहीत नव्हतं. संध्याकाळी बसस्टॉपवर उभी राहून मामांना फोन लावला. वाजत राहिला.